वजन उतरवताना खाण्याची ओढ कशी आवरावी? : मराठवाड्यातल्या घरांसाठी धागा

गोदाकाठ (परभणी)

नमस्कार. वजन कमी करण्यासाठी काय खावे आणि काय खाऊ नये, या माहितीचा आता आपल्याकडे तुटवडा राहिलेला नाही. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली दोन वेळांच्या जेवणाची पद्धत गावोगावी पोहोचवली, आणि तेव्हापासून आमच्या कॉलनीत सकाळी फिरायला निघणाऱ्या प्रत्येकाला आहाराविषयी चार गोष्टी सांगता येतात. तरीही ठरवलेले काही आठवड्यांत मोडते. माझे निरीक्षण असे की ते जेवणाच्या ताटावर फारसे मोडत नाही; दुपारच्या चहाबरोबर, रात्री झाकपाक करताना, लग्नाच्या पंगतीत किंवा पाहुण्यांच्या घरी ते मोडते. हा धागा त्या वेळांसाठी काढला आहे.

'मनावर ताबा नाही' असे म्हणून माणसाला गप्प करण्याची आपल्याला सवय आहे. मला ते अन्यायाचे वाटते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीने सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. युद्धात शस्त्र हाती घेण्यास तत्त्वासाठी नकार दिलेली ही मंडळी होती, म्हणजे निग्रह त्यांच्याकडे कमी नव्हता. तरी त्यांना रात्रंदिवस खाण्याचेच विचार येऊ लागले आणि त्यांतले काही जण पाककृतींची पुस्तके गोळा करून वाचत बसू लागले. अन्न कमी पडले की शरीर मनाला अन्नाकडे ओढते, एवढाच त्याचा अर्थ. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिले की आहार कमी करून वजन उतरवलेल्या माणसांच्या रक्तातली भूक वाढवणारी संप्रेरके वर्ष उलटल्यावरही पूर्वपदावर आलेली नव्हती. म्हणजे उतरलेले वजन टिकवताना माणूस आपल्याच शरीराच्या ओढीविरुद्ध उभा असतो.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की खाण्याच्या ओढीला स्वभावातली खोट मानू नये. तिची वेळ, तिची जागा आणि तिच्या सोबतची माणसे ओळखावीत आणि बदल तिथे करावा. सर्वांना विनंती आहे की आपली ओढ नेमकी केव्हा आणि कुठे येते ते लिहावे आणि तिथे काय बदलून पाहिले तेही सांगावे. कोणाला वजनाचा आकडा विचारू नये, आणि कोणती आहारपद्धत श्रेष्ठ हा वाद शक्यतो इथे आणू नये.

मोंढा (जालना)

ताई, विषय चांगला काढलात. माझे आडतीचे दुकान आहे. आमच्याकडे माल घेऊन आलेल्या प्रत्येक शेतकऱ्याबरोबर आणि खरेदीदाराबरोबर चहा होतो, आणि चहा नाही म्हटले की सौद्यात काही तरी आडपडदा आहे असे समोरच्याला वाटते. एका कपात दोन चमचे साखर धरली तरी ती दहा ग्रॅम होते. हंगामात दिवसाला सात-आठ कप सहज होतात, म्हणजे नुसत्या चहातून सत्तर-ऐंशी ग्रॅम साखर पोटात जाते. वरून मिळणारी साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा मीच चकित झालो, कारण गोड खाणारा माणूस म्हणून मला कोणीही ओळखत नाही.

मी चहा सोडला नाही. टपरीवरच्या पोराला सांगून ठेवले की माझा ग्लास वेगळा आणि बिनसाखरेचा आणायचा. समोरच्याच्या हातात ग्लास, माझ्याही हातात ग्लास. मान राखला जातो आणि कोणाला काही सांगावे लागत नाही. सुरुवातीला तो चहा अगदी पाणचट लागला. आता दुसऱ्याच्या घरचा गोड चहा मला पिववत नाही.

चहाचे जमले, पण संध्याकाळी पाचच्या सुमारास समोरच्या हॉटेलात कढईत भजी पडली की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. तिथे काय करावे ते कळत नाही.

आहारतज्ज्ञ (छत्रपती संभाजीनगर)

मोंढावाले दादा, चहाचे जे केलेत ते नमुन्यादाखल सांगण्याजोगे आहे, कारण तुम्ही पदार्थाशी भांडत न बसता व्यवस्था बदललीत.

भज्यांचे दोन भाग आहेत. पहिला भाग खऱ्या भुकेचा. आपल्याकडचे दुपारचे जेवण म्हणजे दोन-तीन भाकरी, पातळ वरण, थोडी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. पोट भरते, पण त्यात प्रथिने बेताचीच असतात आणि पाच वाजेपर्यंत ती तृप्ती टिकत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दिलेला आकडा दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांचा आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या शाकाहारी मंडळींपैकी बहुतेकांचे तेवढेही भरत नाही. तिसरी भाकरी कमी करून त्या जागी मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे, घट्ट वरण, दही किंवा चालत असेल तर अंडी घेतली की पाचची भूक सौम्य होते. तरीही भूक लागलीच तर मूठभर फुटाणे आणि ग्लासभर ताक गल्ल्यापाशीच ठेवा. भुकेल्या माणसाला भज्यांपुढे उभे करून त्याची परीक्षा घेऊ नये.

दुसरा भाग वासाचा आणि चित्राचा. वास आला की मनात भज्यांचे चित्र उभे राहते आणि ओढ त्या चित्रावर पोसली जाते. ते चित्र 'नको, नको' म्हणून पुसता येत नाही. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये केलेल्या प्रयोगात ज्यांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले होते, त्यांच्या मनात तोच विचार पुन्हा पुन्हा येत राहिला. मनाला दुसरे काम दिले तर मात्र चित्र फिके पडते. इंग्लंडमधल्या प्लिमथच्या संशोधकांना काही मिनिटे डोळ्यांना गुंतवणारा ठोकळ्यांचा खेळ खेळल्यावर ओढीची तीव्रता कमी झालेली आढळली. एक्सेटरच्या संशोधकांना पंधरा मिनिटे झपाझप चालल्यावर चॉकलेटची ओढ कमी झालेली दिसली. ओढ लाटेसारखी चढते आणि ओसरते. ती वाढतच जाईल ही भीती खरी नसते. भज्यांचा वास आला की मोंढ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन यावे. परतल्यावरही खावेसेच वाटले तर बशीत घेऊन, बसून, चार भजी शांतपणे खावीत आणि विषय संपवावा. कागदाच्या पुडीतून उभ्याउभ्या खाल्लेली भजी किती झाली याचा अंदाजच लागत नाही.

कयाधू (हिंगोली)

माझी ओढ गोडाची नाही आणि तळणाचीही नाही, म्हणून ती कोणत्याही आहाराच्या तक्त्यात सापडत नाही. रात्री साडेनऊच्या सुमारास सर्वांची जेवणे उरकली की स्वयंपाकघरात मी एकटी असते. मुलाच्या ताटात पाव भाकरी राहिलेली असते, कुकरच्या डब्यात दोन घास भात असतो, कढईच्या कडेला पिठले घट्ट झालेले असते आणि सासऱ्यांच्या वाटीत शिऱ्याचा एक घास उरलेला असतो. त्यातले काहीच दुसऱ्या दिवसासाठी झाकून ठेवण्याइतके नसते आणि मुकाट्याने टाकून देण्याइतके थोडेही नसते. मी वट्ट्यापाशी उभी राहून भाकरीच्या तुकड्याने कढईच्या कडा पुसून खाते आणि मग भांडी मोरीत नेते. माझे स्वतःचे जेवण त्याआधी पोटभर झालेले असते.

आमच्या सासूबाई १९७२ च्या दुष्काळात लहान होत्या. आईचे बोट धरून त्या पाझर तलावाच्या कामावर जात, तिथे मिळालेली सुकडी घरी आणत आणि रेशनवर आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी खात. त्या मला कधी टाकून बोललेल्या नाहीत. पण उरलेले अन्न बादलीत पडले की त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसते ते मला बघवत नाही. अशा घरात 'उरलेले खाऊ नका' हा सल्ला कोणी देतो तेव्हा त्याला हे घर ठाऊक नाही असे वाटते. यावर कोणाकडे उपाय आहे का?

गोदाकाठ (परभणी)

कयाधूताई, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. आपल्या भागातल्या बायकांचे वजन का उतरत नाही याचे इतके नेमके उत्तर मी कुठे वाचलेले नाही. दुष्काळ पाहिलेल्या माणसांनी अन्नाला दिलेला मान खरा आहे आणि तो राखलाच पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की तो राखण्याचे काम घरातल्या एकाच बाईच्या पोटावर का सोपवले जाते. घरात पाच माणसे जेवतात, त्यांतली चार जण उठून जातात, आणि अन्नाचा मान राखण्याची जबाबदारी पाचवीवर येते.

मला वाटते, उपाय रात्री साडेनऊला सापडणार नाही. तो संध्याकाळी परातीत पीठ घेताना सापडेल. कोणाला किती भाकरी लागतात हे विचारून तेवढेच पीठ घ्यावे. शेवटची भाकरी मागणी आल्याशिवाय तव्यावर टाकू नये. मुलाला आधी अर्धी वाढावी, मागितली की दुसरी अर्धी. आणि ताटात घेतलेले संपवण्याची जबाबदारी ज्याच्या त्याच्या गळ्यात असावी. तरीही जे उरेल त्यासाठी झाकणाचा एक छोटा डबा ठेवावा आणि तो सकाळच्या काल्यासाठी किंवा गोठ्यातल्या गाईसाठी आहे, हे सासूबाईंच्या सल्ल्यानेच ठरवावे. त्यांना यात घेतले तर त्या अन्न वाया जाऊ देणार नाहीत आणि तुमच्याही बाजूने उभ्या राहतील, असा माझा अंदाज आहे.

आणखी एक. तुम्ही सर्वांच्या नंतर जेवत असाल तर ते बदलता येते का पाहा. शेवटी बसणाऱ्या बाईला स्वतःचे ताट असे नसतेच. तिला भांड्यात काय राहिले त्यावरून जेवण ठरवावे लागते.

मांजरा (लातूर)

मी दोन वेळांच्या जेवणाचीच पद्धत पाळतो. वाद नको या विनंतीचा मान राखून एवढेच लिहितो की काही माणसांना थोडे खाण्यापेक्षा अजिबात न खाणे सोपे जाते. डबा उघडून एकच शंकरपाळे खाऊन पुन्हा झाकण लावणे मला जमत नाही. डबा न उघडणे जमते. दोन जेवणांच्या मध्ये तोंडात काही घालायचेच नाही असे एकदा ठरले की दिवसभर चालणारी मनाशी घासाघीस बंद होते. माझ्या मोठ्या भावाचे मात्र याच्या अगदी उलट आहे. त्याला एखादी गोष्ट पूर्ण बंद केली की तीच डोळ्यांपुढे नाचते आणि आठवड्याच्या शेवटी तो ती दुप्पट खातो. दोघांचे रक्त एक, घर एक आणि उपाय वेगळे. आपण कोणत्या जातकुळीचे आहोत ते आधी तपासावे.

आहारतज्ज्ञ (छत्रपती संभाजीनगर)

मांजरा यांच्याशी मी सहमत आहे, आणि ठरलेल्या वेळीच खाल्ल्याने मधली घासाघीस थांबते त्याला शरीरातले कारणही आहे. भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी शोधले. ज्या वेळी आपण रोज खातो त्या वेळेच्या थोडे आधी त्याचे प्रमाण रक्तात वाढू लागते. रोज चारला चिवडा खाणाऱ्याला चारला भूक लागते ती खोटी नसते. शरीराने ती वेळ लक्षात ठेवलेली असते. वेळ बदलली की सुरुवातीचे काही दिवस त्रास होतो आणि पुढे शरीर नवी वेळ शिकते. हे माहीत असलेला माणूस त्या दिवसांत घाबरत नाही.

मात्र एक गोष्ट ठामपणे सांगते. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी जेवणाच्या वेळा स्वतःच्या मनाने कमी करू नयेत. साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी तर असे प्रयोग करूच नयेत. अलीकडे वजनासाठीच्या इंजेक्शनांविषयी पुष्कळ विचारणा होते. ती औषधे भूक खरोखर कमी करतात, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात आणि बंद केल्यावर वजन परत चढण्याची शक्यता मोठी असते.

उपवासाबद्दलही लिहिते, कारण 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या घराघरांत खरी होते. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि त्यावर शेंगदाण्याचे कूट आणि तूप. वजन उतरवण्यासाठी उपवास धरलेल्या माणसाने ती खाल्ली तर नेहमीच्या भाजी-भाकरीपेक्षा जास्तच पोटात जाते.

तेरणा (धाराशिव)

आमच्याकडे खरी अडचण आग्रहाची आहे. आमच्या धाराशिव-लातूरकडे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला शेतात कडब्याची कोप करून पूजा होते आणि भज्जी, उंडे, आंबील, गव्हाची खीर असे जेवण होते. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवले जाते. त्या दिवशी हात आखडता घेणाऱ्या पाहुण्याविषयी घरातल्या बायकांना वाईट वाटते आणि ते वाटणे खोटे नसते. वर्षातून एकदा येणाऱ्या त्या जेवणाला मी कधीच नाही म्हणणार नाही, आणि कोणीही म्हणू नये असे माझे मत आहे. तसेही त्या भज्जीत डाळी, ओला हरभरा, वाल, तूर आणि रानातल्या भाज्या असतात. तिच्याइतके चांगले जेवण शहरातल्या कोणत्या हॉटेलात मिळते?

वजन त्या एका दिवसाने वाढत नाही. पुढच्या लग्नसराईत दर दोन दिवसांनी एक पंगत येते, तिथे ते वाढते. पंगतीत नुसते 'नको' म्हटले की वाढणारा दुप्पट जोराने वाढतो, कारण त्याला ते संकोचाचे वाटते. आमच्या वडिलांची एक रीत होती ती मी उचलली आहे. ते वाढप्याला रिकाम्या हाताने परत पाठवत नसत. बुंदी घेऊन कोणी आले की म्हणत, 'बुंदी राहू द्या, ती वांग्याची भाजी फार छान झाली आहे, तेवढी थोडी वाढा.' वाढणाऱ्याला वाढल्याचे समाधान मिळते, यजमानाची स्तुती होते आणि आपल्या ताटात आपल्याला हवे तेच पडते. दुसरे म्हणजे, ताटातले सगळे संपवून बसू नये. रिकामे ताट दिसले की कोणी ना कोणी येतोच. एक घास शेवटपर्यंत राखून ठेवावा आणि सर्वांबरोबर उठताना तो खावा, म्हणजे अन्नही वाया जात नाही.

अभ्यासिका (लातूर, मूळची बीड)

मी लातूरला खोली घेऊन वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करते. मेसचे रात्रीचे जेवण आठला होते आणि अभ्यास दीड-दोनपर्यंत चालतो. बाराच्या पुढे मी घरून आलेला चिवड्याचा आणि बेसनाच्या लाडवांचा डबा पुस्तकाशेजारी घेऊन बसते आणि वाचता वाचता तो कधी रिकामा होतो ते कळत नाही. सुट्टीत गावी गेले की काकू, मावशी सगळ्यांसमोर 'किती सुटलीस गं' असे म्हणतात. त्या दिवशी मी जेवत नाही आणि रात्री सगळे झोपल्यावर खाते.

आहारतज्ज्ञ (छत्रपती संभाजीनगर)

तू लिहिलेस हे फार बरे केलेस. आधी झोपेबद्दल सांगते. शिकागोत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिले, तेव्हा तृप्ती कळवणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले आणि घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले. गोड, खारे आणि पिठूळ पदार्थांची इच्छाही वाढली. रात्री दीडला लाडू खावासा वाटतो त्याला तुझा स्वभाव जबाबदार नाही, जागरण जबाबदार आहे. अभ्यासाचे दोन तास पहाटेकडे सरकवता आले तर पाहा. तोवर डबा पुस्तकाशेजारी न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कपाटात वरच्या फळीवर ठेव. हवे तेवढे वाटीत काढून घ्यायचे, डबा परत वर ठेवायचा आणि खाताना पुस्तक मिटायचे. मेसमधून आठला एक उकडलेले अंडे किंवा वाटीभर दही खोलीवर नेता आले तर अकराच्या सुमारास ते खाऊन घे.

दुसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची आहे. दिवसभर न जेवणे आणि रात्री लपून खाणे हे चक्र वरचेवर होत असेल, खाताना थांबताच येत नाही असे वाटत असेल, किंवा खाल्लेले उलटून काढावेसे वाटत असेल, तर तो वजनाचा प्रश्न राहत नाही. त्यावर उपचार आहेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात जा, हवे तर एखाद्या मैत्रिणीला सोबत ने. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. परीक्षा होईपर्यंत वजन उतरवण्याचा विचार बाजूला ठेवलास तरी चालेल. वेळेवर जेव आणि झोप.

गोदाकाठ (परभणी)

काकू-मावशांनी हा धागा वाचावा असे मला मनापासून वाटते. चारचौघांत केलेल्या अशा शेऱ्याने कोणाचे वजन उतरलेले मी पाहिलेले नाही. त्या शेऱ्यानंतर लपून खाणाऱ्या मुली मात्र पाहिल्या आहेत.

आता उमेद टिकवण्याविषयी, कारण बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोपातून तेच विचारले आहे. माझ्या मते उमेद खचते ती आकड्यांविषयीच्या चुकीच्या अपेक्षांमुळे. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. रोज ५०० कॅलरी कमी घेतल्या तर आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास उतरायला हवे, असा हिशेब निघतो. प्रत्यक्षात पहिल्या दोन आठवड्यांत शरीरातले पाणी कमी झाल्यामुळे काटा भराभर खाली येतो आणि माणूस हुरळतो. पुढे वजन घटले की शरीराचा खर्चही घटतो आणि काटा अडतो. पंगतीतले खारट, तिखट खाऊन दुसऱ्या दिवशी काट्यावर उभे राहिले तर किलोभर वाढलेले दिसते, ते पाणी असते. एका रात्रीत किलोभर चरबी चढत नाही. हे माहीत नसले की माणूस 'आता मोडलेच आहे तर खाऊन घेऊ' असे म्हणतो, आणि नुकसान होते ते त्या वाक्याने.

म्हणून काट्याच्या जोडीला कमरेची फीत ठेवावी. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की भारतीय माणूस वरून सडपातळ दिसला तरी त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण जास्त असू शकते, त्यामुळे फक्त किलोवर विसंबणे पुरेसे नाही. आणि थोड्या घटीलाही कमी लेखू नये. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवरच्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २००२ मध्ये आले, वजनाच्या ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे एवढेच उद्दिष्ट होते. तेवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. ऐंशी किलोच्या माणसाला हे साडेपाच किलो होतात. वीस किलोचे स्वप्न पाहून तिसऱ्या महिन्यात सोडून देण्यापेक्षा हे साडेपाच किलो टिकवणे मला कितीतरी मोलाचे वाटते.

सवय एकवीस दिवसांत लागते असे सर्रास सांगितले जाते, त्यावर विश्वास ठेवू नका. लंडनमधल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ तर कोणाला अडीचशेच्या वर लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, हेही त्यात आढळले. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीसच्या पुढे असतो तेव्हा सकाळी सहाच्या आत चालून यावे, आणि ते जमले नाही तर घरातल्या घरात चालावे. पण उन्हाळा आहे म्हणून दोन महिने सोडून देऊ नये, कारण जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणे फार जड जाते.

मोंढा (जालना)

दोन गोष्टी कळवतो. फुटाण्यांचा डबा गल्ल्यापाशी ठेवला आहे; आता हमाल मंडळीही त्यातले घेतात. भजी पूर्ण थांबलेली नाहीत, पण बाजाराच्या दिवशी बशीत घेऊन खातो, इतर दिवशी फेरी मारून येतो. ताई, एक विचारतो: ज्वारीची भाकरी सोडून गव्हाची पोळी घ्यावी की अजिबातच धान्य सोडावे? घरात रोज यावरून चर्चा होते.

आहारतज्ज्ञ (छत्रपती संभाजीनगर)

भाकरी सोडू नका. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात ते ३ ग्रॅमच्या आसपासच असतात. भाकरी चावायलाही वेळ लागतो आणि पोटात टिकतेही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेबरोबर विकसित केलेले, लोह आणि जस्त जास्त असलेले 'परभणी शक्ती' हे वाण २०१८ मध्ये आले. मिळाले तर जरूर आणा. भाकऱ्यांची संख्या ठरलेली असावी, भाजी ठरलेल्यापेक्षा जास्त असावी आणि तेल मोजून काढावे, कारण एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी असतात आणि फोडणी घालताना हात सैल सुटतो.

कयाधू (हिंगोली)

सासूबाईंशी बोलले. मला वाटले होते त्यापेक्षा ते सोपे गेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून नातवाच्या ताटात अर्धी भाकरी त्या स्वतःच वाढू लागल्या. त्याने ताटात काही ठेवले तर त्याला उठू देत नाहीत. सासऱ्यांच्या वाटीतल्या शिऱ्याचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे, कारण त्यांना सांगणार कोण? उरलेली भाकरी कुस्करून, कांदा, ताक आणि जिऱ्या-मिरचीची फोडणी घालून सकाळी सगळ्यांच्या वाटीत एकेक डाव पडते. रात्री जेवायला आता मी सर्वांबरोबर बसते. गरम भाकरीचा हट्ट धरणाऱ्यांनी थोडी कुरकुर केली, पण भाकरी टोपल्यात फडक्यात गुंडाळून ठेवली की चांगली राहते.

नांदेडची सून

महालक्ष्म्या तोंडावर आल्या आहेत. आमच्याकडे सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, फुलोरा असे सगळे असते आणि पुरण चांगले परातभर होते. सणाच्या दिवशी मी जेवणारच आहे, पण त्यानंतरचे चार दिवस फ्रिजमधले पुरण आणि फुलोऱ्यातल्या करंज्या मला खुणावत राहतात. जाऊबाई आणि मी, दोघींनीही वजन उतरवायला घेतले आहे. काय करावे?

तेरणा (धाराशिव)

वहिनी, सणाच्या दिवशी तूप घालून पोळी खा आणि मन खाऊ देऊ नका. पुढच्या चार दिवसांची व्यवस्था मात्र डाळ शिजायला घालण्यापूर्वीच करा. जेवायला येणाऱ्या सवाष्णींची आणि पाहुण्यांची संख्या धरून डाळ मोजा. 'कमी पडायला नको' म्हणून वरून जी दोन मापे घातली जातात, तीच पुढे फ्रिजमध्ये राहतात. जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती पोळी आणि दोन करंज्या बांधून द्या. ती आपल्याकडची रीतच आहे, त्यामुळे कोणाला वेगळे वाटणार नाही.

नांदेडची सून

डाळीचे माप सासूबाईंच्या हाती असते, त्यांच्याशी आज संध्याकाळीच बोलते. जाऊबाईंनी असे सुचवले आहे की विसर्जनाच्या दिवशी उरलेल्या पुरणाच्या पोळ्या करून त्या शेजारच्या वसतिगृहातल्या मुलांना द्याव्यात. ती मुले गावाकडून आलेली आहेत आणि सणाला घरी जाऊ शकत नाहीत. करंज्यांचा डबा दिरांच्या दुकानात जाईल. भाज्या मात्र आम्ही दोघी दोन दिवस भाकरीबरोबर खाणार आहोत, त्या कोणालाही देणार नाही.